फिंगर लेक्सची रीसलिंग: बाटली निवडण्यापासून घोटापर्यंत

रीसलिंग (पांढऱ्या द्राक्षाची एक जात आणि तिची वाइन) म्हणजे गोड वाइन, असं बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. मग ज्यांना गोड नको असतं ते तिच्याकडे न बघता शार्डने ही दुसरी पांढरी वाइन उचलून निघून जातात. ज्यांना गोड हवं असतं ते मोठ्या आशेनं बाटली घरी नेतात आणि पहिल्याच घोटाला दात आंबतात. दोघांचंही हुकतं ते एकाच कारणानं. रीसलिंगमध्ये साखर किती आहे एवढंच विचारून भागत नाही. त्या साखरेसमोर आंबटपणा किती आहे, ते पाहावं लागतं.

हे शिकायला न्यूयॉर्क राज्यातला फिंगर लेक्स हा भाग फार सोयीचा आहे. थंड हवेतल्या खोल तळ्यांच्या काठावर द्राक्षमळे आहेत, अगदी कोरड्यापासून (‘ड्राय’, म्हणजे साखर फारशी न उरलेली) मधासारख्या गोडपर्यंत सगळ्या तऱ्हेची रीसलिंग तिथे होते, आणि बाटलीमागे ती कुठल्या तऱ्हेची आहे हे बऱ्याचदा सरळ छापलेलंही असतं. अमेरिकेत नव्यानं राहायला आलेल्या, किंवा तिथे फिरायला जाणाऱ्या आणि वाइनच्या वाटेला फारसं न गेलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

आधी तळ्यांची ओळख

न्यूयॉर्क शहरापासून वायव्येला गाडीनं चार-पाच तासांवर अकरा लांबट, अरुंद तळी जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी जुन्या दऱ्या खरवडून ती कोरली. द्राक्षमळे प्रामुख्यानं चार तळ्यांभोवती आहेत: सेनेका, कयूगा, क्यूका आणि कॅनन्डेग्वा. त्यातलं सेनेका सगळ्यात खोल, सुमारे १८८ मीटर. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो.

ही खोली लक्षात ठेवा, कारण बाटलीतल्या चवीचं मूळ तिथेच आहे. जाड बुडाचं भांडं जसं उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, तसं एवढ्या पाण्याचं होतं. हिवाळ्यात आजूबाजूची जमीन गोठते तेव्हाही सेनेका सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हळूहळू काठावर सोडत राहतं. पारा उणे २० अंश सेल्सियसच्या खाली गेला की रीसलिंगच्या वेलीवरचे डोळे (ज्यांतून नवे फुटवे येतात त्या कळ्या) मरायला लागतात, त्यामुळे काठावर मिळणारी दोन-चार अंशांची सवलत म्हणजे पुढच्या वर्षीचं पीकच. वसंतात उलटं घडतं. पाणी अजून थंड असतं, त्यामुळे काठावरची हवाही गार राहते आणि वेली उशिरा फुटतात. उशिरा फुटणं इथे फायद्याचं, कारण कोवळ्या फुटव्यावर दहिवर गोठलं की तो काळा पडून गळतो. मे २०२३मध्ये असाच एक उशिराचा गारठा आला आणि या भागातल्या बऱ्याच मळ्यांचं नुकसान करून गेला.

उताराचाही हिशेब असतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकते आणि मळ्यात साचून राहत नाही. म्हणून इथले मळे काठावरच्या उतरणीवर दिसतात, वरच्या सपाटीवर शेती आणि गाईगुरं. सेनेकाच्या आग्नेय काठावरच्या एका उबदार पट्ट्याला तर लोक ‘बनाना बेल्ट’ म्हणतात. केळी अर्थातच कुणी लावलेली नाहीत.

आता आंबटपणा कुठून येतो ते. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आम्ल कमी होतं. उष्ण प्रदेशात हे आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, भराभर खर्ची पडतं. इथे रात्री थंड असतात, पीक सावकाश तयार होतं, रीसलिंगची तोडणी बहुधा ऑक्टोबरपर्यंत लांबते. एवढ्या अवधीत वास आणि चव पुरती भरते, पण आम्ल शिल्लक राहतं. या भागातल्या रीसलिंगला जी धार असते ती या शिल्लक आम्लाची.

थोडा इतिहास, कारण तो दुकानाच्या फळीवर दिसतो

१९५०च्या दशकापर्यंत इथे पक्की समजूत होती की युरोपीय जातीची द्राक्षं या थंडीत जगणार नाहीत. म्हणून काँकर्ड, कॅटॉबा, नायगारा अशा अमेरिकी जाती आणि संकरित वेली लावल्या जात. मूळचे युक्रेनचे, १९५१मध्ये अमेरिकेत आलेले कॉन्स्टंटिन फ्रँक यांना हे पटलं नाही. त्यांनी तिकडच्या कडाक्याच्या थंडीत युरोपीय वेली वाढवलेल्या होत्या. प्रश्न थंडीचा नसून योग्य खुंट (ज्या मुळांवर वेल कलम करतात तो) निवडण्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. गोल्ड सील या कंपनीचे प्रमुख शार्ल फूर्निए स्वतः फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रदेशातून आलेले; त्यांनी फ्रँक यांना कामावर घेतलं आणि प्रयोगाला जागा दिली. १९६२मध्ये फ्रँक यांनी क्यूका तळ्याकाठी हॅमंड्सपोर्टजवळ स्वतःची वायनरी (वाइन बनवण्याची जागा) काढली. पुढे १९७६मध्ये राज्यानं छोट्या शेतकऱ्यांना स्वतःच्या द्राक्षांची वाइन करून थेट विकायला मोकळीक देणारा कायदा केला, आणि १९७९मध्ये जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातून आलेल्या हर्मन वीमर यांनी सेनेकाच्या पश्चिम काठावर आपली वायनरी सुरू केली. मोझेल म्हणजे रीसलिंगचं माहेरच. जर्मनीत या द्राक्षाची नोंद १४३५पासून सापडते.

याचा तुम्हाला उपयोग असा: जुन्या जाती गेलेल्या नाहीत. त्याच फळीवर, त्याच तळ्याचं चित्र असलेल्या बाटल्यांमध्ये नायगारा आणि कॅटॉबाही उभ्या असतात. त्यांचा वास अमेरिकेतल्या द्राक्षाच्या जॅमसारखा असतो आणि बहुतेक चांगल्याच गोड असतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, त्यांचा चाहतावर्ग मोठा आहे. पण आपण आलोय रीसलिंगसाठी, तेव्हा चित्रावर जाऊ नका, द्राक्षाचं नाव वाचा.

पहिली पायरी: लेबल वाचा, पुढचं आणि मागचं

बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला वायनरीचं नाव, साल, द्राक्षाची जात आणि प्रदेश एवढं असतं. प्रत्येक शब्दामागे अमेरिकी नियम आहे. जातीचं नाव छापायचं तर किमान ७५ टक्के द्राक्षं त्या जातीची हवीत. ‘फिंगर लेक्स’, ‘सेनेका लेक’ किंवा ‘कयूगा लेक’ असा मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेश छापला असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत, आणि अशा बाटलीवर साल असेल तर ९५ टक्के त्या सालची. फिंगर लेक्सला ही मान्यता १९८२मध्ये मिळाली, कयूगाला १९८८मध्ये, सेनेकाला २००३मध्ये. नुसतं ‘न्यूयॉर्क’ लिहिलं असेल तर ७५ टक्के द्राक्षं राज्यातली, मग ती तळ्यांपासून दूर कुठलीही असोत. आणि ‘अमेरिकन’ एवढंच असेल तर ती या काठावरची असतील याची काहीच खात्री नाही, लेबलवर तळं कितीही सुंदर काढलेलं असलं तरी. ‘इस्टेट बॉटल्ड’ दिसलं तर सगळी द्राक्षं वायनरीच्या स्वतःच्या किंवा ताब्यातल्या मळ्यांची आणि बाटली तिथेच भरलेली. हे चवीचं प्रमाणपत्र नाही, पण द्राक्ष ते बाटली एकाच हाताखाली झालं एवढं कळतं.

आता बाटली फिरवा. बऱ्याच रीसलिंगच्या मागे एक आडवी पट्टी असते. तिच्यावर चार टप्पे: ड्राय, मीडियम ड्राय, मीडियम स्वीट, स्वीट, आणि एक खूण, ही वाइन कुठे बसते ते दाखवणारी. इंटरनॅशनल रीसलिंग फाउंडेशननं २००८मध्ये ही पट्टी आणली, आणि माझ्या मते नवख्याला याहून उपयोगी गोष्ट वाइनच्या दुकानात दुसरी नाही.

पट्टीचं गणित सोपं आहे. लिटरमागे साखर किती ग्रॅम, भागिले आम्ल किती ग्रॅम. उत्तर १च्या खाली आलं तर ड्राय. १ ते २ मीडियम ड्राय. २च्या वर ४पर्यंत मीडियम स्वीट. त्यापुढे स्वीट. मग पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका जास्त तितकी आम्लता कमी) बघून खूण थोडी सरकवतात. पीएच जास्त असला तर वाइन जिभेला अधिक गोड लागते, म्हणून ती गोडाच्या बाजूला जाते.

दोन बाटल्या समोर धरू. दोन्हींत लिटरला १२ ग्रॅम साखर. पहिलीत आम्ल ८ ग्रॅम, भागाकार दीड, म्हणजे मीडियम ड्राय. दुसरीत आम्ल साडेपाच ग्रॅम, भागाकार २.२, म्हणजे मीडियम स्वीट. साखर तीच, कप्पा वेगळा. नुसता साखरेचा आकडा वाचून घेतली असती तर दोन्ही सारख्याच वाटल्या असत्या. आणि हे १२ ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, साध्या कोलाच्या लिटरमध्ये शंभरावर ग्रॅम साखर असते.

पट्टी नसेल तर वायनरीच्या वेबसाइटवर त्या वाइनचं तांत्रिक पत्रक शोधा. तिथे ‘आरएस’ म्हणजे शिल्लक साखर आणि ‘टीए’ म्हणजे एकूण आम्ल दिलेलं असतं. आकडा टक्क्यांत असेल तर दहानं गुणा: ०.८ टक्के म्हणजे लिटरला ८ ग्रॅम.

तेही नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का. सगळी साखर संपेपर्यंत आंबवलं तर रीसलिंग साधारण १२ ते १३ टक्क्यांवर येते. आंबवणं मध्येच थांबवलं (बहुतेक ठिकाणी टाकी एकदम थंड करून आणि गाळून) तर अल्कोहोल कमी राहतं आणि साखर उरते. म्हणजे १२.५ टक्के दिसलं तर बहुधा कोरडी, १०च्या आसपास असेल तर गोडसर, ८-९ असेल तर चांगलीच गोड. हा अंदाजच हं. १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला लेबलवरच्या आकड्यात दीड टक्का इकडेतिकडे करायची नियमानं मुभा आहे.

एक सावधगिरी. काही वायनऱ्या पुढच्या बाजूला ‘सेमी ड्राय’ छापतात. हा शब्द प्रत्येक जण आपापल्या मापानं वापरतो. पट्टी असेल तर पट्टीवर विश्वास ठेवा.

दुसरी पायरी: एक नको, दोन घ्या

एकाच वायनरीची, एकाच सालची, एक ड्राय आणि एक मीडियम ड्राय अशा दोन बाटल्या घ्या. माझा सगळ्यात ठाम सल्ला हाच. एकटी बाटली प्यायली की ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ यापलीकडे डोकं जात नाही. दोन शेजारी ठेवल्या की फरक जिभेला आपोआप सापडतो, आणि पुढच्या वेळी दुकानात काय मागायचं ते कळतं. बाटलीमागे २० डॉलरच्या आसपास खर्च धरा. त्याहून महागड्या, एकेका मळ्याच्या नावाच्या बाटल्यांना नंतर हात घाला. त्यातली खुबी कळायला आधी साधी चव जिभेवर बसावी लागते. आइस वाइन तर पहिल्या वेळी नकोच. वेलीवर गोठलेली द्राक्षं पिळून केलेली ती छोटी, महागडी बाटली छानच असते, पण तिच्यावरून रीसलिंग कळत नाही.

खरेदी कुठे? न्यूयॉर्क राज्यात राहत असाल तर सुपरमार्केटमध्ये बीअर मिळते, वाइन नाही. त्यासाठी परवानाधारक लिकर किंवा वाइनच्या दुकानात जावं लागतं. सुपरमार्केटच्या फळीवर वाइनसारख्याच दिसणाऱ्या बाटल्या कधी कधी असतात. बारीक अक्षरात ‘वाइन प्रॉडक्ट’ लिहिलेलं असतं आणि अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आत. ती वाइन नव्हे. दुसऱ्या राज्यात असाल तर वायनरीकडून थेट घरी मागवता येते का ते बघा. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्क आणि मिशिगनचे बाहेरच्या राज्यांतल्या वायनऱ्यांशी भेदभाव करणारे नियम रद्द केल्यानंतर हा मार्ग बराच मोकळा झाला, तरी सगळ्या राज्यांत नाही. वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ हवं, केस पांढरे झालेले असले तरी मागतात.

सालाबद्दल फार डोकं लावू नका. थंड प्रदेशात सालागणिक फरक पडतो हे खरं. २०१६मध्ये इथे तीव्र दुष्काळ पडला होता, आणि काही वर्षी तोडणीच्या तोंडावर पाऊस कोसळून द्राक्षं कुजतात. पण चांगली वायनरी वाईट सालीही द्राक्षं निवडून घेते. पहिल्या बाटलीसाठी गेल्या दोन-तीन वर्षांतलं कुठलंही साल चालेल.

तिसरी पायरी: गार करा, पण गोठवू नका

घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. बाटली दोन-तीन तास आत ठेवा आणि प्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. ८ ते १० अंशांवर रीसलिंग चांगली बोलते. थेट फ्रिजमधून ओतलीत तर वास बंद आणि आंबटपणा टोचरा. अगदी कोमट झाली तर गोडवा पसरट लागतो. घाई असेल तर भांड्यात बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर वेळ लागतो, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते.

बूच फिरकीचं असेल तर ते स्वस्तातलं म्हणून नाक मुरडू नका. रीसलिंगच्या ताज्या वासासाठी ते चांगलंच. कॉर्क असेल आणि त्याच्या खालच्या टोकाला काचेच्या कणांसारखे चकाकते खडे दिसले तरी घाबरू नका. वाइनमधलं टार्टरिक आम्ल थंडीनं पोटॅशियमबरोबर क्षाराच्या रूपात खाली बसतं, ते हे खडे. बेकिंगवाले ‘क्रीम ऑफ टार्टर’ म्हणून विकत आणतात तोच पदार्थ. खाल्ला गेला तरी काही होत नाही; शेवटचा ग्लास ओतताना हात सावकाश ठेवा म्हणजे झालं.

ग्लास कुठलाही पातळ कडेचा, वर थोडा आत वळलेला घ्या आणि एक तृतीयांशच भरा. वरची जागा वासासाठी आहे.

चौथी पायरी: घोट

ड्राय आधी, मीडियम ड्राय नंतर. उलटं केलंत तर ड्राय बिचारी नुसती आंबट ठरेल.

ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग दोन गोल फिरवून परत हुंगा. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पीच, फुलांचा वास, पावसानं भिजलेल्या दगडासारखं काहीतरी, असं सांगणारे सांगतात. तुम्हाला यातलं काही सापडलं नाही तर काही बिघडत नाही. पण कधी तरी एक वास हमखास सापडेल आणि तुम्ही दचकाल: पेट्रोलचा, किंवा रॉकेलचा. बाटली खराब नाही. टीडीएन नावाच्या संयुगाचा तो वास, रीसलिंगची खास खूण. द्राक्षांवर ऊन जास्त पडलं किंवा बाटली जुनी झाली की तो वाढतो. काही जण त्यासाठीच जुन्या बाटल्या शोधतात, काहींना तो अजिबात सोसत नाही. मी पहिल्या गटातला.

आता छोटा घोट घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेवर आधी फळाची गोडी येते. मग दोन्ही गालांच्या आत, जबड्याच्या सांध्याजवळ पाणी सुटतं. तो आम्लाचा हात. गिळल्यावर मनात मोजा, तोंडाला पाणी किती वेळ सुटत राहतं. शेवटी तोंडात काय उरतं तेही बघा. गोडी चिकटून राहिली तर साखर आम्लाला भारी पडली. तोंड स्वच्छ होऊन दुसरा घोट घ्यावासा वाटला तर तोल जमला, मग ती पट्टीवर कुठेही असो. नुसतं दाताला झोंबून संपलं तर आम्लासमोर उभं राहायला फळच कमी पडलं. हिरव्या, अर्धवट पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये असं होतं.

जिभेला हे पटवायचं असेल तर वाइनशिवायही करून बघता येतं. तीन ग्लासांत सारखं पाणी आणि सारखा लिंबाचा रस घ्या. पहिल्यात साखर नाही, दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात तीन. चाखा. दुसरा ग्लास गोड लागणार नाही, पहिल्याहून कमी आंबट आणि जास्त चवदार लागेल. आम्ल तिन्हीत तेवढंच आहे. वाइन करणारा आंबवणं कुठे थांबवायचं हे ठरवतो तेव्हा त्याच्यापुढे हाच दुसरा ग्लास असतो, आणि म्हणूनच ‘ड्राय’ म्हणून विकलेल्या रीसलिंगमध्येही पाच-सात ग्रॅम साखर बिनबोभाट असते.

पाचवी पायरी: सोबत काय खायचं

इथे आम्ल कामाला येतं. लोण्यानं माखलेलं, तळलेलं, चरबीदार काहीही ड्राय रीसलिंगबरोबर हलकं लागतं. तळ्यातला ट्राउट, भाजलेला किंवा धुरावलेला, बकरीच्या दुधाचं मऊ चीज, डुकराचे सॉसेज, सिराक्यूझ शहराकडचे ‘सॉल्ट पोटेटो’, म्हणजे खारट पाण्यात उकडून वितळलेल्या लोण्यात घोळलेले छोटे बटाटे. खारट आणि आंबट यांचं छान जमतं.

तिखट जेवणाला मीडियम ड्राय किंवा मीडियम स्वीट काढा. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं, साखर तो दाबते. गोडसर रीसलिंगमध्ये अल्कोहोल कमी आणि साखर जास्त, दोन्ही बाजूंनी फायदा. गोड पदार्थ मात्र वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन पाणचट होते. याच भागातल्या नेपल्स गावची काँकर्ड द्राक्षांची ‘पाय’ (सारण भरून भाजलेली गोड पेस्ट्री) प्रसिद्ध आहे, ती जरूर खा, पण ड्राय रीसलिंगबरोबर नको.

सहावी पायरी: जमलं तर काठावर जा

उत्तरेला जिनीव्हा आणि दक्षिणेला वॉटकिन्स ग्लेन ही सेनेकाची दोन टोकं. पश्चिम काठानं १४ नंबरचा रस्ता, पूर्वेकडे ४१४. वायनऱ्या या दोन्ही रस्त्यांना लागून आहेत. कयूगाकाठचा ‘वाइन ट्रेल’ १९८३चा, अमेरिकेतला पहिला म्हणून ओळखला जातो. ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग आणि तोडणी एकत्र येतात, त्यामुळे शनिवार-रविवारी भरलेल्या बसगाड्या येतात आणि काउंटरवर धड बोलणं होत नाही. मधल्या वारी जा. दिवसाला तीन वायनऱ्या पुष्कळ झाल्या. चौथ्या ठिकाणी जीभ थकलेली असते आणि पाकीट सैल झालेलं.

टेस्टिंगचं शुल्क असतं, त्यात चार-पाच वाइन थोड्या थोड्या देतात. काउंटरवर ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठी आणि उरलेली ओतण्यासाठी आहे. वापरायला लाजू नका, जाणकार लोकच ते सर्वांत जास्त वापरतात. ‘शिल्लक साखर आणि आम्ल किती?’ एवढं एक विचारा. ओतणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि बऱ्याचदा यादीत नसलेली बाटली बाहेर येते.

हिवाळ्याच्या तोंडावर गेलात तर वेलीच्या बुंध्याशी मातीचा ढीग चढवलेला दिसेल. युरोपीय वेल फायलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीपुढे टिकत नाही, म्हणून ती अमेरिकी खुंटावर कलम केलेली असते. कलमाचा सांधा गोठला तर वरची रीसलिंग मरते आणि खालून फुटतो तो नुसता खुंट. म्हणून शरद संपताना सांध्यावर माती ओढायची आणि वसंतात ती परत काढायची, ओळीमागून ओळ. एका वेलीला दोन-तीन खोडंही ठेवतात; एक थंडीनं फाटलं तर दुसरं आहे.

गाडी चालवणारा आधीच ठरवा आणि त्यानं खरंच थुंकावं. न्यूयॉर्कमध्ये रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्के म्हणजे मद्यधुंद चालकाचा गुन्हा, पण ०.०५च्या वर गेलं तरी कारवाई होऊ शकते. उघडलेली बाटली गाडीत जवळ ठेवणंही नियमाबाहेर आहे. आणि उन्हाळ्यात विकत घेतलेल्या बाटल्या बंद गाडीत दुपारभर ठेवू नका, एवढ्या थंड हवेत जपलेली वाइन वाहनतळावर शिजते.

उरली तर, आणि ठेवायची असेल तर

उघडलेली रीसलिंग बूच लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकते. आम्ल आणि साखर दोन्ही तिला सांभाळतात. दुसऱ्या दिवशी ती कधी कधी पहिल्याहून मोकळी लागते, तेव्हा दोन बाटल्यांची तुलना दोन दिवसांत विभागायलाही हरकत नाही. त्यापुढे वास उतरला की माशाच्या रश्श्यात घाला.

न उघडलेली ड्राय बाटली चांगल्या वायनरीची असेल तर पाच-दहा वर्षं थंड, अंधाऱ्या जागी पडून राहू शकते, गोड असेल तर त्याहूनही जास्त. रंग सोनेरी होतो, फळाचा ताजेपणा ओसरतो, मधाचा वास येतो आणि वर सांगितलेलं पेट्रोल पुढे सरसावतं. सहा बाटल्यांची पेटी घ्यायचा विचार असेल तर दोन लगेच प्या, दोन बाटल्या तीन वर्षांनी उघडा, आणि उरलेल्या दोन पेट्रोल आवडतंय की नाही ते ठरल्यावर.